घरोघरीच्या कॅसेटी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात पनवेल येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यवाहांनी मला विषयाची मोकळीक दिली आणि मी कॅसेटचा विषय घेतला, ह्याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. शिक्षण, लग्नातील खर्च, वसतिगृह हे आपल्या व्यासपीठावरचे मानाचे विषय. त्यांच्या पंक्तीला ही प्लॅस्टिकची जुनी डबी कशाला बसवावी? परंतु आपल्या आगरी समाजाची जी वस्तू ह्या डबीत अडकून पडली आहे, ती पुष्कळ घरांच्या बाबतीत अन्यत्र कोठेही नाही. आणि ती बाहेर काढण्याची मुदत संपत चालली आहे. म्हणून हा आग्रह.

प्रथम ह्या वस्तूचे कूळ सांगतो. फिलिप्स कंपनीच्या बेल्जियममधील हासेल्ट येथील कारखान्यात लू ओटेन्स नावाचे डच अभियंते होते. कोटाच्या खिशात मावेल एवढा लाकडी ठोकळा त्यांनी करून घेतला आणि त्यावरून नव्या यंत्राचे माप ठरविले. १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट जगापुढे आली. पुढे कंपनीने इतर कारखानदारांकडून परवान्याचे शुल्क घेतले नाही, त्यामुळे कोणाचीही कॅसेट कोणाच्याही यंत्रात बसू लागली. आपल्याकडे तिचे खरे राज्य आले ते १९८० नंतर. १९८३ मध्ये टी-सिरीज निघाली, फिती स्वस्त झाल्या, आणि ज्या गाण्यांना पूर्वी तबकडीचे दार सहसा उघडत नसे ती भजने, भीमगीते, कोळीगीते बाजारात आली. वेसावकर आणि मंडळी ह्यांच्या कॅसेटी आपल्या हळदीत किती वाजल्या, हे ह्या सभेला सांगावयास नको.

तथापि बाजारच्या कॅसेटी हा माझा विषय नव्हे. ग्रामोफोन आपल्याला ऐकवीत असे, रेडिओही ऐकवीत असे. आपले ऐकून घेणारे यंत्र सामान्य घरात आले ते हेच पहिले. मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर त्याआधीही होते, पण ते आकाशवाणीत किंवा एखाद्या धनिकाकडे. आखातात नोकरीस गेलेला मुलगा टू-इन-वन घेऊन आला, लाल खुणेची कळ दाबली, आणि ओटीवर बसलेल्या म्हातारीचा आवाज फितीवर उतरला. एवढी साधी गोष्ट, पण पूर्वी कोणत्याही पिढीला ती साधली नव्हती.

आज नव्या मुंबईतील सुशिक्षित तरुण जुने डेक शोधीत फिरतात, त्यांची दुरुस्ती करवून घेतात, कोऱ्या फितींना चांगले मोल देतात. अमेरिकेत मिसुरी राज्यातील स्प्रिंगफील्ड येथे नॅशनल ऑडिओ कंपनी अद्याप कॅसेटी बनविते, आणि टेलर स्विफ्टसारख्या गायिकेचे नवे संग्रहही कॅसेटवर निघाले आहेत. ह्या छंदिष्टांना विचारले तर ते म्हणतात, फितीच्या आवाजात ऊब आहे. मला हे अर्धेच पटते. फितीची रुंदी ३.८१ मिलिमीटर, आणि तेवढ्यात दोन्ही बाजू मिळून ध्वनीच्या चार पट्ट्या. वेग सेकंदाला अवघा ४.७६ सेंटिमीटर. एवढ्या चिंचोळ्या वाटेने गाणे जाणार म्हणजे सरसर ही ऐकू येणारच. ती कमी करण्यासाठी डॉल्बीसारख्या युक्त्या निघाल्या, तरी ती पुरती गेली नाही. खुद्द ओटेन्स ह्यांना आपल्या ह्या अपत्याचा मोह नव्हता. पुढे त्यांनी सीडीच्या उभारणीत भाग घेतला.

मग ओढ कशाची? मला वाटते, मर्यादेची. साठ मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूस तीस मिनिटे, त्यात काय भरावयाचे हे विचारपूर्वक ठरवावे लागे. दुकानदाराला गाण्यांची यादी देऊन कॅसेट भरून घेण्याची पद्धत आपल्याला आठवत असेल; त्या यादीत माणसाची आवड, कधी कधी त्याचे प्रेमही, वाचता येई. शिवाय गाणे मध्येच ओलांडणे कटकटीचे, म्हणून बाजू सहसा शेवटपर्यंत ऐकली जाई. फोनमध्ये कोट्यवधी गाणी असणाऱ्या तरुणाला अशी शिस्त हवीशी वाटली, तर त्याला वेडा म्हणण्याचे कारण नाही. त्याच्या वेडावर आपले एक काम अडले आहे.

ते काम धवल्याचे. आपल्या लग्नात धवलारीण हीच पुरोहित. हळदीपासून पुढच्या प्रत्येक विधीला तिचा धवला हवा. तो तिने पोथीतून घेतलेला नसतो. आईकडून, सासूकडून ऐकून कंठात साठविलेला असतो. ती गेली की तिच्या कंठातले तिच्याबरोबर जाते. महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे थोर काम हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी उभे केले. लाखाहून अधिक ओव्या त्यातून हाती आल्या. परंतु संशोधक प्रत्येक ओटीपर्यंत पोहोचू शकत नाही. तेथे पोहोचला तो घरचा टेपरेकॉर्डर. लग्नाचा धवला लांबलचक, त्याला नव्वद मिनिटांची कॅसेटही अपुरी पडे. मध्येच खट्ट असा आवाज येतो, बाजू उलटली जाते आणि चार ओळी कायमच्या निसटतात. मागे भांडी वाजतात, पोरे रडतात. पंडितांना हे दोष वाटतील; मला तर त्या खट्टसकट ती कॅसेट हवी.

विमानतळासाठी आपली दहा गावे उठली. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे ही नावे येथे बसलेल्या अनेकांच्या पत्त्यात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले, डिसेंबरात विमाने उडू लागली. घर मोडताना माणूस देव नेतो, भांडी नेतो, सातबाराचे कागद छातीशी धरून नेतो. कॅसेटींचा खोका मात्र बहुधा भंगारवाल्याकडे जातो, कारण त्या वाजविण्याचे यंत्र घरात उरलेले नसते. आणि वाजते यंत्र आज ज्यांच्याकडे सापडते ते हेच छंदिष्ट, ज्यांना आपण हसतो. त्यांच्याकडे जा. पुष्कळांना अशा कामाचा आनंदच वाटतो.

जाण्यापूर्वी थोडी काळजी घ्यावी. कोकणच्या दमट हवेत फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी कॅसेट यंत्रात घालू नये, ती यंत्रही बिघडविते आणि पुढच्या कॅसेटीही. अशी कॅसेट वेगळी ठेवून जाणत्याकडे द्यावी. वर्षानुवर्षे पडून असलेल्या यंत्रातील रबरी बेल्ट चिकट होतात, म्हणून माळ्यावरचा टेपरेकॉर्डर उतरवून आजीची एकुलती एक कॅसेट त्याच्यावर प्रथम लावू नये. बाजारची एखादी बिनमहत्त्वाची लावून पाहावी. कॅसेटच्या पाठीवरील दोन कोपऱ्यांतल्या इवल्या पट्ट्या मोडाव्यात, म्हणजे चुकूनही तिच्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. कॅसेटी उभ्या ठेवाव्यात, लाउडस्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर. फोनमध्ये किंवा संगणकात नक्कल उतरली तरी मूळ कॅसेट टाकू नये. अधिक चांगली नक्कल उद्या कोणी काढील.

आणि वेष्टनावर लिहावे. आवाज कोणाचा, माहेर कोणते, लग्न कोणाचे, साल कोणते. ज्या कॅसेटवर नुसते ‘लग्न’ एवढेच लिहिले आहे, ती घेऊन ह्याच आठवड्यात घरातील सर्वांत वृद्ध बाईजवळ बसावे आणि ती ऐकवावी. पहिल्या चार ओळींतच ती गाणारीचे नाव सांगेल.