मतभेद सांगण्याची रीत



ज्या मुख्याध्यापकांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होत आहे, त्यांनी खानदेशातून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेल्या कुटुंबांची मुले शिकविली. त्या मुलांच्या वाटेवरची पुढची पायरी म्हणजे नोकरीची मुलाखत. तीत हमखास विचारल्या जाणाऱ्या एकाच प्रश्नाविषयी आज बोलतो : "सहकाऱ्याशी तुमचा मतभेद झाला, तेव्हा तुम्ही काय केलेत?"

मुलाखत-मंडळावर मी बरीच वर्षे बसलो आहे. या प्रश्नास बहुधा दोनच उत्तरे येतात. "माझे कोणाशी कधीच वाजले नाही," हे एक. आणि जुन्या सहकाऱ्याच्या दोषांचा पाढा, हे दुसरे. पहिले खरे वाटत नाही. दुसरे ऐकताना मनात येते, की हा उद्या आपल्याविषयीही असेच बोलेल. घरची चूल ज्याच्या पगाराकडे डोळे लावून बसली आहे, तो मुलगा भीतीपोटी पहिले उत्तर देतो, आणि नेमकी तिथेच संधी हातची जाते.

मतभेद होणे हा दोष नव्हे. टिळक आणि आगरकर यांनी १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. तरीही पुढे आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, यावरून दोघांचे बिनसले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी बाहेरच्या मिळकतीच्या मागे लागू नये, हा टिळकांचा आग्रहही सहकाऱ्यांना मानवला नाही. १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले. पण मुकाट्याने नव्हे. राजीनाम्याच्या प्रदीर्घ पत्रात त्यांनी कारणे मांडली. १८९५ साली आगरकर निवर्तले, तेव्हा 'केसरी'त मृत्युलेख लिहिला तोही टिळकांनीच.

दुसरे उदाहरण आपल्या सुरतेचेच. डिसेंबर १९०७ मध्ये तापीकाठी काँग्रेसचे अधिवेशन भरले. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे कलकत्त्याचे चार ठराव सौम्य केले जातील, ही जहालांची शंका होती. आपणांस बोलावयाचे आहे, अशी चिठ्ठी टिळकांनी आधीच पाठविली होती. उत्तर न आल्याने २७ तारखेस ते व्यासपीठावर गेले. गोंधळ माजला, जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या आणि मूळ प्रश्न बाजूस राहिला. दोन्ही पक्ष पुन्हा एकत्र आले ते १९१६ साली, लखनौस. ऐकून घेण्याची वाट बंद झाली, की मतभेदाचे भांडण होते. नऊ वर्षांची किंमत देऊन देशाने हा धडा घेतला. गोखले मात्र ते ऐक्य पाहावयास राहिले नाहीत. फेब्रुवारी १९१५ मध्ये त्यांच्या चितेपाशी टिळकांनी त्यांचा गौरव केला. वाद धोरणाशी होता, माणसाशी नव्हता.

आता आपल्या उत्तराकडे वळू. समजा, तुम्ही कापडाच्या प्रोसेसिंग मिलमध्ये आहात. माल आजच रवाना करावा, असे सहकारी म्हणतो. धुलाईत रंग टिकतो का, हे आधी पाहावे, असे तुम्ही म्हणता. मंडळापुढे प्रथम सहकाऱ्याची बाजू सांगा : त्याला गिऱ्हाइकास दिलेला शब्द पाळावयाचा होता. मग आपली सांगा. नंतर कृती : दोघांनी मिळून तुकडा धुऊन पाहिला आणि निकाल वरिष्ठांपुढे ठेवला. शेवटी परिणाम सांगा. तुमचेच म्हणणे खरे ठरले पाहिजे, असे मुळीच नाही. रंग टिकला असेल आणि माल गेला असेल, तर तेही मोकळेपणाने सांगा. ज्याने अजून नोकरी केलेली नाही, त्याने शाळेच्या स्नेहसंमेलनातला किंवा क्रीडासंघातला प्रसंग सांगावा. परंतु रचलेला प्रसंग सांगू नये. दुसऱ्याच उपप्रश्नाला तो उघडा पडतो.

सहकाऱ्याचे नाव घेण्याची गरज नाही. एक कसोटी मात्र मनाशी ठेवावी : तो सहकारी शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकत असता, तर आपले उत्तर त्याला न्याय्य वाटले असते काय? या कसोटीस उतरणारे उत्तर निर्भयपणे द्या.