बियाण्यावरचा गुलाबी थर



सुरुवात कबुलीजबाबाने करतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी लॉनसाठी ग्रब मारण्याच्या औषधाची पिशवी आणली. शेजाऱ्याने टाकले, म्हणून मीही टाकले. माझ्या लॉनमध्ये ग्रब आहेत की नाहीत, हे पाहिलेही नव्हते. पिशवीवरचे बारीक अक्षर वाचले ते ती रिकामी झाल्यावर: इमिडाक्लोप्रिड. पीएच.डी. झालेल्या माणसाची ही तऱ्हा! कीड आहे का हे न पाहताच विष घालायचे, या सवयीबद्दल आज बोलायचे आहे.

माव्यावर तंबाखूचे पाणी फवारतात, हे तुमच्यापैकी शेतकरी घरातल्यांना आठवत असेल. इमिडाक्लोप्रिड, क्लोथियानिडिन, थायामेथॉक्झाम ही निकोटीनचीच चुलत भावंडे. म्हणून त्यांना निऑनिकोटिनॉइड म्हणतात. मज्जापेशीवरच्या ज्या रिसेप्टरला निकोटीन चिकटते, त्यालाच तीही चिकटतात. कीटकांच्या रिसेप्टरला घट्ट, आपल्या रिसेप्टरला सैल. १९९० च्या दशकात ती बाजारात आली तेव्हा फवारणाऱ्या मजुराच्या दृष्टीने जुन्या ऑर्गॅनोफॉस्फेटपेक्षा ती खरोखरच बरी होती. हे श्रेय द्यायलाच हवे.

गोम पुढेच आहे. ही औषधे पाण्यात विरघळतात आणि मुळांतून झाडभर पसरतात. त्यामुळे फवारायची गरजच उरली नाही. बियाण्यावर थर दिला की काम झाले. अमेरिकेतला मका आज बहुतेक असाच पेरला जातो. प्रक्रिया केलेले बी ओळखू यावे म्हणून त्याला गुलाबी, निळा असा रंग देतात. मक्याच्या अशा एका दाण्यावरचे विष एखाद्या लहान पक्ष्याला मारायला पुरते. आणि पिकात जाते किती? साधारण पाच टक्के. उरलेले माती आणि पाणी यांच्या वाट्याला.

कायद्याची गंमत अशी की असे बी पेरणे म्हणजे कीटकनाशक वापरणे धरत नाहीत. ती 'प्रक्रिया केलेली वस्तू' ठरते. २०१४ साली ईपीएनेच अभ्यास करून सांगितले, की सोयाबीनच्या बियाण्यावरच्या या थराचा शेतकऱ्याला फायदा नगण्य आहे किंवा नाहीच. तरी बी तसेच विकले गेले.

ही पळवाट कुठे नेते ते नेब्रास्कातल्या मीड या छोट्या गावात दिसले. न खपलेले रंगीत बी तिथल्या 'अल्टेन' कारखान्यात यायचे आणि त्यापासून इथेनॉल व्हायचे. साध्या मक्याचा चोथा गुरांना घालता येतो. हा घालता येईना. मग त्याचे डोंगर उघड्यावर साठले. त्यात क्लोथियानिडिनचे प्रमाण अब्जात ४,२७,००० भागांपर्यंत भरले. जवळच्या विद्यापीठाच्या फार्मवरच्या मधमाश्यांच्या वसाहती एकामागून एक मेल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये राज्याने कारखाना बंद करायला लावला. त्याच महिन्यात थंडीने पाइप फुटून सुमारे चाळीस लाख गॅलन दूषित पाणी बाहेर वाहिले. मला यातला सर्वांत बोचरा भाग हा वाटतो, की डोंगर होऊन साठले तेव्हा विष दिसले. तेच लाखो एकरांवर पसरले की कुणाला दिसत नाही.

पाण्याचे म्हणाल तर जपानमधल्या शिंजी सरोवराचा अभ्यास २०१९ मध्ये 'सायन्स'मध्ये आला. १९९३ पासून भोवतालच्या भातखाचरांत ही औषधे वापरली जाऊ लागली. प्राणिप्लवकांचे वस्तुमान ८३ टक्क्यांनी घटले आणि त्यावर जगणाऱ्या वाकासागी माशांची वार्षिक पकड सरासरी २४० टनांवरून २२ टनांवर आली. माशांना कुणी विष दिले नव्हते. त्यांचे अन्न संपले होते.

माणसांबद्दल मी हात राखून बोलेन. सीडीसीच्या संशोधकांनी २०१५-१६ चे लघवीचे नमुने तपासले, तेव्हा तीन वर्षांवरील सुमारे निम्म्या अमेरिकनांत या औषधांचे अंश मिळाले. तीन ते पाच वर्षांच्या मुलांत ते अधिक आढळले. अंश सापडणे म्हणजे आजार नव्हे, हे लक्षात घ्या. पण ही रसायने शरीरातून लवकर बाहेर पडतात. तरीही सापडतात, म्हणजे ती वारंवार आत जात असली पाहिजेत. आणि तो रिसेप्टर गर्भाच्या मेंदूच्या घडणीतही भाग घेतो. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये याच कारणासाठी सावधगिरी सुचवली होती. गरोदर बाईने सिगारेट ओढू नये, हे सांगायला आपण थांबलो होतो का?

बंदीखेरीज उपायच नाही असे नाही. क्वेबेकने २०१९ पासून असे बी पेरण्यासाठी कृषितज्ज्ञाची चिठ्ठी सक्तीची केली. डॉक्टरच्या चिठ्ठीसारखीच! थोड्याच वर्षांत तिथले मक्याचे बियाणे जवळजवळ निऑनिकमुक्त झाले. काहींनी त्याजागी दुसरे कीटकनाशक घेतले, हेही खरे. न्यू यॉर्कने २०२३ मध्ये कायदा केला. बियाण्यासंबंधीचा भाग २०२९ पासून लागू व्हायचा आहे. लांबणीवर टाकण्यात राजकारणी सगळीकडचे सारखेच.

आता माझे लॉन. गेल्या सप्टेंबरात फावड्याने चार ठिकाणी चौरस-चौरस फूट हिरवळ उचकटून पाहिली. एकूण तीन ग्रब. चौरस फुटाला पाच-दहा सापडले तर काळजी करावी म्हणतात. हिरवळ परत दाबून बसवली, पाणी घातले आणि घरात आलो.