गिरणीची जमीन आणि लहान घरे
(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेतील भाषण)



अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरच्या रस्त्यांवरून झांक्या निघतात. हुकुमचंद, मालवा, कल्याणमल, स्वदेशी, राजकुमार. नावे गिरण्यांची, पण गिरण्या एकही चालू नाही. वर्गणी आणि मदत गोळा करून कामगारांच्या समित्या ही रीत टिकवून आहेत, आणि पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की आपणही त्याला कौतुकाने झांक्या दाखवायला नेतो. आज मात्र आम्हाला झांक्यांच्या मागे उभ्या असलेल्या जमिनीबद्दल बोलायचे आहे.

हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली. पाच हजार आठशेहून अधिक कामगार एका दिवसात घरी बसले. त्यांच्या थकबाकीचा वाद तीन दशके न्यायालयात चालला आणि निकालाची वाट पाहता पाहता कित्येक जण गेले. अखेर मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळाने पैसे भरले आणि २५ डिसेंबर २०२३ ला २२४ कोटी रुपये कामगारांसाठी देण्यात आले. त्या बदल्यात सुमारे साडेबेचाळीस एकर जमीन मंडळ आणि महापालिका यांनी मिळून विकसित करायची, त्यावर निवासी आणि व्यापारी संकुल उभारायचे, असे ठरले. कामगारांचे पैसे मिळाले याचा आनंद आहेच. पण एवढी सार्वजनिक जमीन शहराच्या मध्यात पुन्हा मिळणार नाही. तिच्यावर कोण राहणार, हे आत्ताच विचारायला हवे.

आकडे फार नाहीत, थोडा वेळ सोबत राहा. कनाडिया भागात केंद्राच्या योजनेतून 'लाइट हाउस' प्रकल्प झाला. त्याची पायाभरणी १ जानेवारी २०२१ ला झाली होती. सुमारे ४२ हजार चौरस मीटर, म्हणजे साधारण दहा एकर सरकारी जमीन, तिच्यावर १,०२४ घरे. बांधकामाचा खर्च १२८ कोटींच्या घरात, म्हणजे घरामागे साडेबारा लाख. यात जमिनीची किंमत धरलेली नाही, आणि सगळी गोम तिथेच आहे.

आता मुंबईकडे पाहा. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने, म्हणजे सरकारनेच, मुंबई टेक्स्टाइल मिलची साडेसतरा एकर जमीन ७०२ कोटींना विकली. एकरी चाळीस कोटी. कनाडियाप्रमाणे एकरात शंभर घरे बसवली, तर एका घराच्या वाट्याला नुसत्या जमिनीचेच चाळीस लाख येतात. वीट अजून लागलेलीही नाही! मजले वाढवले तर हा भार हलका होतो हे खरे, पण उंच इमारतीची लिफ्ट, पंप आणि देखभालीचा दरमहा खर्च धुणीभांडी करणाऱ्या बाईला झेपत नाही. लिलावात जास्तीत जास्त बोली मिळवायची आणि त्याच जमिनीवर स्वस्त घरेही द्यायची, या दोन गोष्टी एका माणसाने एकाच तोंडाने बोलू नयेत.

मुंबईचा १९९१ चा नियम चांगला होता. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जागेपुरती उरली. शेड, गोदामे, चाळी यांनीच बहुतेक आवार व्यापलेले, त्यामुळे म्हाडाचा आणि उद्यानाचा वाटा आटला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. एवढे होऊनही म्हाडाच्या हाती जे तुकडे आले, त्यांवर २०१२ च्या सोडतीत ६,९२५ गिरणी कामगारांना साडेसात लाखांत घर मिळाले, तेही परळ-लालबागच्या परिसरात. अर्ज मात्र दीड लाखाच्या आसपास होते. पुढे पनवेलजवळच्या कोन गावातली, मूळ भाड्यासाठी बांधलेली २,४१७ घरे २०१६ च्या सोडतीत आली आणि ताबा मिळायला वर्षानुवर्षे लागली. घर स्वस्त, पण कामापासून दूर. चंडीगडमध्ये सरकारने बांधलेली दोन हजारांहून अधिक घरे रिकामी होती, ती २०२० नंतर भाड्याने देण्याच्या योजनेत आणावी लागली. नुसती घरे बांधून भागत नाही.

म्हणूनच परदेशीपुरा आणि नंदानगरच्या शेजारची ही जमीन मोलाची आहे. नंदानगर ही गुलझारीलाल नंदांच्या नावाची कामगारवस्ती आपल्या बघण्यात उभी राहिली आहे. त्याही आधी, १९१८ मध्ये, पॅट्रिक गेडीस यांनी होळकर दरबाराला दिलेल्या अहवालात कामगारांची घरे आणि झाडे एकत्र कल्पिली होती.

झाडांचा प्रश्नही टाळून चालणार नाही. तीस वर्षांत मिलच्या आवारात दाट झाडी वाढली आहे आणि ती तोडू नये अशी मागणी शहरातून झाली आहे. आम्हाला ती मागणी रास्त वाटते. पण काही जण झाडी पुढे करतात तेव्हा 'इथे गरीब नकोत' असाच सूर कानावर येतो, तो आम्हाला मान्य नाही. एक चतुर्थांश जमीन म्हणजे साडेदहा एकर. कनाडियाच्या हिशेबाने तिथे हजार घरे बसतात, आणि तरीही झाडीसाठी जागा उरते.

ही घरे विकू नयेत, एवढाच आमचा आग्रह. आपल्या राज्याने १९८४ मध्ये शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा केला. कच्च्या झोपडीखालची जमीन माणसाच्या नावे झाली. पण घर खरेदीखताने दिले, की पाच-दहा वर्षांत ते कुणा दलालाच्या हाती जाते, हे आपण चांगले पाहिलेले आहे. जमीन महापालिकेची, घर दीर्घ मुदतीच्या पट्ट्यावर, वारसाला मिळणारे पण बाजारात न जाणारे. पट्ट्याच्या अटीही चार ओळींत आणि मराठी-हिंदी वाचता येणाऱ्या माणसाला समजतील अशा असाव्यात. आपल्यापैकी वकील मंडळींनी त्या लिहायला हातभार लावावा.

वाड्यांत, बंगल्यांत स्थिरावलेल्या आपल्या घरांना यात काय, असे कुणी विचारेल. आपल्या घरी पोळ्या करणाऱ्या बाई, मांडवाचा विद्युत कारागीर, मुलांना शाळेत पोहोचवणारा रिक्षावाला यांना रोज किती लांबून यावे लागते, हे त्यांनाच विचारावे.

महापालिका आणि गृहनिर्माण मंडळ यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा आम्ही तयार केला आहे. एक चतुर्थांश जमीन लिलावातून वगळावी, झाडांची मोजणी जाहीर करावी आणि जुन्या कामगारांच्या वारसांना प्रथम हक्क द्यावा, या तीन मागण्या त्यात आहेत. प्रत मांडवातल्या टेबलावर ठेवली आहे. दुरुस्ती सुचवायची असेल तर समासात लिहा. विसर्जनानंतरच्या सोमवारी आम्ही ते निवेदन घेऊन जाऊ.