रंग गेला, मीठ राहिले
(सटाणा येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापड रंगवून उरलेले पाणी डाळिंबाच्या सालींनी, मक्याच्या बुरकुंड्यांनी, उसाच्या चिपाडांनी निवळते, हे प्रयोगशाळांत दिसून आले आहे. हा सगळा माल बागलाणात निघतो. मग यात आपला फायदा किती? आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे. तो हिशोब आज मांडतो.

माल वाळवून दळला की भुकटीच्या अंगाला रंगाचे कण चिकटतात. भुकटीवर ऋण भार असतो, म्हणून धन भाराचे रंग ती चटकन धरते. सुती कापडाला मात्र बहुतेक रिॲक्टिव्ह रंग लागतात, आणि ते ऋण भाराचे. नुसत्या भुकटीला ते दाद देत नाहीत. पाणी आम्लधर्मी करावे लागते, नाहीतर भुकटीचा कोळसा करावा लागतो. डाळिंबाची साल तर आधी गरम पाण्याने धुवावी लागते. ती स्वतःच पिवळा रंग सोडते. जुने रंगारी तिनेच सूत रंगवीत. म्हणजे काम होते, पण फुकटात होत नाही.

आता मुद्द्याचे. रिॲक्टिव्ह रंग सुतात बसावा म्हणून हौदात लिटरमागे साधारण ४० ते ८० ग्रॅम मीठ घालतात. भुकटी रंग ओढते, मीठ ओढत नाही. पाणी काचेसारखे दिसेल, पण सोडियम तिथेच राहील. तो काळ्या जमिनीत गेला की माती विस्कटते, निचरा बंद होतो, रान चोपण होते. जमिनीची क्षारता १.२ डेसिसायमनच्या वर गेली की कांद्याचे उत्पन्न घटू लागते.

तमिळनाडूत नोय्यल नदीवर १९९२ साली शेतीसाठी ओरथुपालयम धरण पुरे झाले. त्यात तिरुपूरच्या रंगाईचे पाणी साचले आणि ते शेतीला नकोसे झाले. शेतकरी कोर्टात गेले. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. तोवर जमिनी नासल्या होत्या.

आपली मोसम हरणबारीतून खाली येते, मालेगावातून जाते आणि गिरणेला मिळते. खालचे गावही शेतकऱ्याचेच आहे.

म्हणून तीन गोष्टी ठरवू. एक, 'शुद्ध केलेले' पाणी रंग बघून घ्यायचे नाही. क्षारता आणि सोडियमचा तपासणी अहवाल मागायचा. दोन, साल-बुरकुंडे कोणी मागितली तर वाळवणी, दळणी आणि वाहतूक धरून भाव ठरवायचा. कचरा म्हणून द्यायची नाहीत. तीन, रंग प्यालेली भुकटी खत म्हणून शेतात येऊ द्यायची नाही. ती ज्याच्या हौदातली, विल्हेवाट त्यानेच लावायची.

कारखाना चालावा, कापूस विकला जावा, हे आम्हालाही हवे. पण त्याचे मीठ आमच्या रानात नको.