तळ्याचा गाळ आणि खनिज तेल



खनिज तेल समुद्राच्याच पोटीं जन्मास येतें, असें मीं शाळेंत पुष्कळ वर्षें शिकविलें. मुंबईनजीकच्या समुद्रांत १९७४ सालीं तेल सांपडलें, हा दाखला मी देत असें आणि मुलें तो निमूटपणें उतरून घेत. मध्यंतरीं माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो राजस्थानांत बारमेरकडे तेलाच्या कामावर असतो. बोलतां बोलतां तो म्हणाला, "सर, रागावूं नका, पण आमचें तेल समुद्राचें नव्हे, तळ्याचें आहे." चूक चारचौघांत शिकविली, तर ती चारचौघांतच दुरुस्त करावी, म्हणून आजचें हें भाषण.

तळ्यापासून तेल होतें तरी कसें? आपला रंकाळा डोळ्यांपुढें आणा. पाण्यावर शेवाळ धरतें, मरतें आणि तळाशीं जातें. एरव्हीं पाण्यांतील प्राणवायूच्या योगानें तें कुजून नाहींसें होतें. परंतु तळें फार खोल असलें आणि त्याचें वरचें व खालचें पाणी एकमेकांत मिसळलें नाहीं, तर तळाशीं प्राणवायु पोंचत नाहीं. मग शेवाळ न कुजतां बारीक चिखलाबरोबर थरावर थर सांचत जातें. कालांतरानें त्या चिखलाचा पापुद्र्यांनीं सुटणारा काळपट खडक बनतो. त्यास शेल म्हणतात. त्यावर गाळाचें ओझें पडून तो दोन-तीन किलोमीटर खालीं दबला आणि भूगर्भांतील उष्णतेनें सुमारें शंभर अंशांपर्यंत तापला, म्हणजे त्यांतून तेल सुटूं लागतें. उष्णता याहून फार वाढली कीं तेलाऐवजीं वायु निघतो. ती उणी पडली, तर कांहींच निघत नाहीं. अमेरिकेंत कोलोरॅडो, यूटा व वायोमिंग या प्रांतांत सुमारें पांच कोटी वर्षांपूर्वींच्या तळ्यांचें असें शेल विपुल आहे. पण त्यांतील पुष्कळसें पुरेसें तापलेंच नाहीं. त्यांतून तेल हवें असेल, तर तो दगडच तापवावा लागतो.

बारमेरकडे सुमारें सहा कोटी वर्षांपूर्वीं जमीन खचून लांबट खोरें झालें व त्यांत खोल तळीं सांचलीं. तेथें शेवाळ, निर्वात तळ आणि उष्णता हीं तिन्ही जुळून आलीं. जानेवारी २००४ मध्यें तेथें मंगला हें तेलक्षेत्र सांपडलें आणि ऑगस्ट २००९ पासून तेल निघूं लागलें. तळ्याची खूण तेलावरहि राहते: त्यांत मेण फार. थंड होतांच तें तुपासारखें थिजतें. म्हणून गुजरातच्या किनाऱ्याकडे जाणारी त्याची नळवाट सबंध मार्गावर तापती ठेवावी लागते. चीनमध्यें १९५९ सालीं सांपडलेलें दाचिंगचें अफाट तेलहि सुमारें नऊ कोटी वर्षांपूर्वींच्या एका विशाल तळ्याचेंच आहे.

आपण विचाराल, महाराष्ट्रांत अशीं तळीं नव्हतीं काय? होतीं. सह्याद्रीचा काळा दगड ज्या लाव्हारसाचा झाला, त्याच्या एका लोटानंतर दुसरा येईपर्यंत मधल्या काळांत जागोजागीं तळीं सांचत. मुंबईंत वरळीच्या टेकडींतील शेलांत त्या काळचे चिमुकले बेडूक दगड होऊन राहिले आहेत. रिचर्ड ओवेन यांनीं १८४७ सालीं त्यांचें वर्णन केलें. मुंबईच्या खडकांत डांबरासारखा पदार्थहि किंचित् आढळला आहे. परंतु हे थर पातळ आणि त्यांचा विस्तार थोडका. एवढ्याशा गाळांतून तेलाचें कोठार भरावें कसें? मुंबईनजीक समुद्रांत सांपडलेलें तेल या बेडकांच्या तळ्यांचें नव्हे. तें समुद्रतळाखालील निराळ्या व जाड गाळाचें आहे.

तात्पर्य, तेल कोठें सांपडलें यावरून तें कोठें जन्मलें हें ठरत नाहीं. आज समुद्र आहे कीं वाळवंट, हें पाहून उपयोग नाहीं. तो गाळ किती सांचला, कुजण्यापासून वांचला काय आणि बेताचा तापला काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. आपल्या मोटारी जें घटकाभरांत जाळतात, त्याच्या घडणींत कोट्यवधि वर्षें गेलीं आहेत.

माझ्या ज्या विद्यार्थ्यांच्या जुन्या वह्या अद्याप शिल्लक असतील, त्यांनीं "समुद्राच्या" या शब्दापुढें "आणि तळ्याच्याहि" एवढी भर घालावी, ही विनंति.