हरवलेले नव्वद



शिक्षकांचं हे अधिवेशन साताऱ्यात भरलं आणि अध्यक्षपद माझ्याकडे आलं. यातल्या पहिल्या गोष्टीचा आनंद मला जास्त आहे. १९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच गावात शिक्षक घडवणारं विद्यालय सुरू केलं. खेडोपाडी शाळा काढायच्या तर आधी शिकवणारे तयार करायला हवेत, असा त्यांचा सरळ हिशेब होता. आज गावोगाव शाळा आहेत, तरी तो हिशेब पुन्हा मांडायची वेळ आली आहे. आपल्यासमोर नववी-अकरावीत बसलेल्या मुलांपैकी उद्या फळ्याजवळ कोण उभं राहणार? मी एवढ्यावरच बोलेन. वेतन, पेन्शन, संचमान्यता हे विषय दुपारच्या वक्त्यांकडे आहेत. त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त आहे आणि रागही.

शिक्षक होऊन बघण्याची संधी आपण मुलांना वर्षातून एकदा देतो, पाच सप्टेंबरला. स्वयंशासन दिन. मुली आईची साडी नेसून, खांद्यावर तीन-तीन पिना लावून येतात. मुलगे शर्ट खोचतात, कुणीतरी आजोबांचा चष्मा आणतो. ‘आजचे मुख्याध्यापक’ खुर्चीत बसून मस्टर चाळतात. शिपाई व्हायला तर चढाओढ लागते, कारण घंटा हातात येते. आपण शिक्षक-खोलीत पोहे खातो आणि मधूनच खिडकीतून डोकावतो. संध्याकाळी समारोपात दहावीची एखादी मुलगी माईकवर म्हणते, ‘आज आम्हाला कळलं, सर-बाईंना आमच्यामुळे किती त्रास होतो.’ टाळ्या वाजतात.

मला हा दिवस आवडतो आणि तो बंद करा असं मी म्हणणार नाही. पण त्या मुलीला दिवसभरात काय कळलं, ते जरा बघा. वर्ग गप्प बसवणं कठीण असतं, एवढंच. शिकवणं म्हणजे पुढे उभं राहून बोलणं आणि बाकीच्यांना बोलू न देणं, ही तिची समजूत सकाळी होती तशीच संध्याकाळीही राहिली. दोष तिचा नाही. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी १९७५ साली ‘स्कूलटीचर’ या पुस्तकात हे नेमकं मांडलं. शाळा संपेपर्यंत विद्यार्थ्याचे सुमारे १३,००० तास शिक्षकांसमोर जातात. एवढं दर्शन त्याला दुसऱ्या कुठल्याच पेशाचं होत नाही. डॉक्टर त्याला आजारपणात भेटतो, वकील बहुधा सिनेमात. शिक्षक मात्र रोज दिसतो, पण फक्त बाकावरून दिसतो तेवढाच. टाचण काढताना त्याने काय गाळलं, अमुक उदाहरण आधी आणि तमुक नंतर का घेतलं, वह्यांचा गठ्ठा तपासताना तो कुठल्या पानावर थबकला, यातलं काहीच बाकावरून दिसत नाही.

आमच्या शाळेत आम्ही एक साधी गोष्ट करून पाहिली. ज्यांना इच्छा होती अशा नववीतल्या काही मुलामुलींना आठवड्यातून एक तास पाचवीच्या दोन-तीन मुलांबरोबर बसवलं. फळा नाही, छडी नाही, साडी नाही. जमिनीवर सतरंजी आणि पाचवीच्या गणिताच्या वह्या. त्यांना काम दिलं ते एवढंच, की हे मूल जिथे चुकतं तिथे का चुकतं, ते शोधून आम्हाला सांगा.

त्यातल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. त्याच्या वाट्याला आलेल्या मुलाने ४०३ वजा १७८ याचं उत्तर १३५ लिहिलं होतं. उत्तर यायला हवं २२५. नववीतल्या या गुरुजींनी आधी तेच केलं जे आपण करतो. बरोबर पद्धत सांगितली. मग पुन्हा सांगितली, जरा मोठ्या आवाजात. मुलाने मान डोलावली आणि पुढच्या उदाहरणात तशीच चूक केली. तिसऱ्या वेळी यानं पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाला, ‘तू कसं करतोस ते मला सांग.’ मुलगा सांगू लागला. तीनातून आठ जात नाहीत, शेजारी शून्य आहे, त्याच्याकडे मागण्यात अर्थ नाही, म्हणून पलीकडच्या चाराकडून एक घेतला. तेरातून आठ गेले, पाच. आता शून्यातून सात जात नाहीत, म्हणून पुन्हा शतकाकडे गेलो, आणखी एक घेतला. दहातून सात गेले, तीन. शतकस्थानी दोन उरले, त्यातून एक गेला, एक. एकशे पस्तीस.

हा ऐकत राहिला. मग त्याने दोन्ही उत्तरांची वजाबाकी केली. नव्वद आले. पुढचा अख्खा तास तो त्या नव्वदमागे लागला होता, आणि सुटी झाल्यावर मला गाठून म्हणाला, ‘सर, सापडलं. त्याने शंभर मोडले आणि दहाच घेतले. नव्वद हरवले.’ त्या पोराने पहिल्यांदा शतकाकडून एक आणला तेव्हा शंभराचे सुटे व्हायला हवे होते. नऊ दशक मधल्या घरात ठेवायचे आणि दहा एकक इकडे आणायचे. त्याने दहा आणले आणि मधलं घर रिकामंच ठेवलं. पुढच्या आठवड्यात या नववीतल्या मुलाने खेळातल्या नोटा आणल्या आणि पाचवीतल्या मुलाला बँकवाला केलं. कितीदा समजावूनही जे जमलं नव्हतं, ते शंभराची नोट मोडताना पाच मिनिटांत जमलं.

मित्रहो, माझ्या मते तो मुलगा त्या दिवशी शिक्षक होऊन आला. पुढे तो शिक्षक होईल की नाही, मला माहीत नाही. परवा त्याला विचारलं तर म्हणाला, पोलीस भरती बघतोय. हरकत नाही. पण या कामात डोकं लागतं हे त्याला कळलं, आणि ते कुठल्याही गुरुपौर्णिमेच्या भाषणातून कळलं नसतं. त्याच गटातली एक मुलगी दुसऱ्याच महिन्यात म्हणाली, ‘बाई, मला एवढा धीर नाही, मी हे काम करणार नाही.’ आमच्या गणिताच्या बाईंना वाईट वाटलं. मला बरं वाटलं. बी.एड.ची फी भरून झाल्यावर हे कळण्यापेक्षा पंधराव्या वर्षी कळलेलं काय वाईट?

आपण या पेशाचं कौतुक फार करतो आणि त्याची ओळख फार कमी करून देतो. सावित्रीबाईंचंच घ्या. १८४८ साली पुण्यात मुलींना शिकवायला लागल्या तेव्हा त्या सतरा वर्षांच्या होत्या, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीतल्या मुलीच्या वयाच्या. तीन जानेवारीला आपण तसबिरीला हार घालतो, अंगावर शेण-चिखल झेलल्याचा प्रसंग सांगतो. पण अहमदनगरला फरारबाईंच्या संस्थेत त्यांनी अध्यापनाचं शिक्षण घेतलं होतं, हे किती भाषणांत येतं? त्यांचं धैर्य आपण उचललं आणि त्यांची तयारी मात्र तिथेच ठेवली.

आता कडू भाग. मुलांना हे काम दाखवायचं तर त्याचा दरवाजा कसा आहे, तेही सांगावं लागेल. एक काळ असा होता की बारावीला उत्तम गुण मिळवणारी खेड्यातली मुलं डी.एड.ला रांग लावायची. दोन वर्षांत नोकरी, असं ते गणित होतं. मग विद्यालयं वाटेल तशी वाढली, २०१२ च्या मे महिन्यात भरतीच थांबली, आणि रांग पांगली. कितीतरी डी.एड. विद्यालयांना कुलूप लागलं. २०१३ पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. ‘पवित्र’ पोर्टलवरच्या भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि पुढची थेट २०२३ च्या फेब्रुवारीत. या पाच वर्षांत पात्र मुलं काय करत होती? कुणी क्लास घेतले, कुणी दुकानात बसलं, कुणी विनाअनुदानित शाळेत मिळेल त्या पगारावर राबलं. निवड झालीच तरी पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक, मानधन प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,०००, उच्च माध्यमिकला २०,०००. काही संस्थांत ‘देणगी’ नावाचा प्रकार चालतो, हे या मंडपात कुणाला नवीन नाही. त्यात २०२५ च्या एक सप्टेंबरला सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी सक्तीची करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेले आपले प्राथमिकचे सहकारीही टीईटीची पुस्तकं उघडून बसले.

हे ऐकून मुलं पळतील, असं काही जणांना वाटतं. थोडी पळतीलही. पण आपण सांगितलं नाही म्हणून त्यांना कळत नाही असं थोडंच आहे? आपल्याच शिक्षक-खोलीच्या दारात वही घेऊन उभं असताना ती आपलं बोलणं ऐकतात. ‘माझ्या पोराला मी या लाइनीत येऊ देणार नाही’, हे वाक्य त्यांनी आपल्याच तोंडून ऐकलेलं असतं. तेव्हा निदान पूर्ण चित्र सांगू. पोषण आहाराची नोंद, बीएलओची यादी, ऑनलाइन माहिती भरणं, सगळं. आणि त्याच्या जोडीला ते हरवलेले नव्वदही दाखवू.

घाई आहे ती आणखी एका कारणाने. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण चार वर्षांच्या एकात्मिक बी.एड.कडे निघालं आहे आणि २०३० पर्यंत शिक्षकासाठी तीच किमान पदवी ठरावी असं त्यात म्हटलं आहे. पूर्वी पदवी होईपर्यंत विचार करायला सवड असायची. आता त्या वाटेने जायचं तर बारावीच्या निकालाआधीच ठरवावं लागेल, म्हणजे चव घ्यायची तर नववी ते अकरावीतच. अमेरिकेत साउथ कॅरोलायना राज्याने १९८० च्या दशकातच ‘टीचर कॅडेट’ नावाचा अभ्यासक्रम आपल्या हायस्कुलांत सुरू केला. अकरावी-बारावीची मुलं त्यात अध्यापनाचा रीतसर अभ्यास करतात, लहान वर्गांत जाऊन निरीक्षण करतात. आपल्याकडे तर पुष्कळ ठिकाणी पाचवी ते बारावी एकाच आवारात असते. आपल्याला बस लागत नाही, जिना उतरला की झालं.

एक धोका मात्र आत्ताच बोलून ठेवतो. जागा रिक्त आहे, ऑफ तास आहे, तर पाठवा नववीची मुलगी पाचवीवर, असं याचं होता कामा नये. दोनशिक्षकी शाळांत मोठी मुलं धाकट्यांना सांभाळतात, ती नाइलाजाची सोय आहे. त्याला कुणी उपक्रमाचं नाव देऊ नये. शिक्षक सतरंजीजवळ असलाच पाहिजे. गुण नकोत, प्रमाणपत्र नको, आणि कृपा करून फोटो अपलोड नको. फोटो आला की पाचवीची मुलं कॅमेऱ्याकडे बघतात आणि नववीची आपले केस.

दुपारच्या सत्रात या विषयावर ठराव येणार आहे. मसुदा मी वाचला. त्यात ‘शासनाने अशी योजना आखावी’ असं लिहिलं आहे. अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे की ते वाक्य काढावं आणि ‘या जूनपासून आमच्या शाळांत आम्ही सुरू करू’ असं घालावं. आठवड्याची एक तासिका इकडची तिकडे करायला शासन निर्णय लागत नाही. वेळापत्रक मुख्याध्यापकांच्या हातात असतं, आणि ते बहुतेक सगळे आज याच मंडपात बसले आहेत. ज्यांना ही सूचना मान्य नसेल त्यांनी जेवणाच्या सुटीत मला गाठावं, म्हणजे मतदानापूर्वी बोलता येईल.