रुग्णाला बोलू द्या



नागपूरच्या मेडिकलमध्ये किंवा मेयोमध्ये येणारा रुग्ण केवळ नागपूरचा नसतो. गडचिरोली-गोंदियाहून, सीमेपलीकडील बालाघाट-छिंदवाड्याहूनही तो येतो. खाट मिळाली हेच त्याला उपकारासारखे वाटते, आणि उपकारकर्त्यास प्रश्न विचारू नयेत ही शिकवण शतकांची आहे. शस्त्रक्रिया कशाची झाली, हे तो विचारीत नाही. विचारले तर उद्या आपल्या माणसाकडे दुर्लक्ष होईल, ही त्याची धास्ती. त्याच्या मौनाचे मूळ अज्ञानापेक्षा या धास्तीत अधिक आहे.

कायद्याने काय केले? १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने शांता खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. निर्णय स्वागतार्हच होता. परंतु जेथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये त्यातून वगळली गेली. नोंदणीपुरती घेतलेली नाममात्र रक्कमही मोबदला मानली गेली नाही. पैसे मोजणाऱ्यास दाद मागण्याचे दार उघडले, निव्वळ मोफत सेवेवर विसंबणाऱ्यास ते बंदच राहिले. जणू तक्रार हीदेखील विकत घ्यावयाची वस्तू! २०२१ च्या जानेवारीत राज्य शासनाने रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावणे बंधनकारक केले, पण तेही शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत, म्हणजे मुख्यतः खासगी रुग्णालयांपुरते. त्याच वर्षी ३० एप्रिलला, महासाथीच्या ऐन भरात, प्राणवायू व खाटांसाठी जाहीर टाहो फोडणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी केल्यास तो न्यायालयाचा अवमान समजला जाईल, असे सर्वोच्च न्यायालयास बजावावे लागले.

यात डॉक्टर हा शत्रू नव्हे. अपुऱ्या मनुष्यबळात रात्रंदिवस राबणाऱ्या निवासी डॉक्टरवर हात उगारणाऱ्यास २०१० चा राज्याचा कायदा तीन वर्षांपर्यंत कारावास सांगतो, ते योग्यच आहे. मात्र नातलगाचे म्हणणे ऐकण्याची जागाच नसेल, तर त्या कायद्याने वॉर्डातला क्षोभ शमणार नाही.

कार्यकर्त्यांनी रुग्णांना प्रथम कागद मागावयास शिकवावे. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणीपासून ७२ तासांत डॉक्टरने उपचारांची कागदपत्रे दिली पाहिजेत. कागद हाती नसेल तर खरी तक्रारही कुजबुज ठरते. अब्रुनुकसानीच्या धमकीने पुष्कळ जण गप्प बसतात. परंतु अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही, हा अपवाद जुन्या दंडसंहितेत होता आणि २०२३ च्या न्याय संहितेतही कायम आहे. अर्ज दोन प्रतींत लिहावा, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये.